विजेची शेगडी आणि भिंतींतली तार

मार्गशीर्ष-पौषाची थंडी पडूं लागली म्हणजे आपल्याकडील घरांत शेकोटी, घोंगडी आणि गरम चहा यांची आठवण प्रथम होते. परंतु अलीकडे या जुन्या सोबत्यांबरोबर आणखी एक पाहुणा खेडोपाडीं येऊं लागला आहे. तो म्हणजे विजेची शेगडी. लोक तिला हीटर म्हणतात. नाशिक जिल्ह्यांत निफाडच्या बाजूस, धुळें व जळगांव या भागांत, महाबळेश्वर-पांचगणीच्या डोंगरावर आणि विदर्भांत गोंदियाकडे थंडी कडक पडते. शहरांत नोकरी करणारा मुलगा सुटीस येतांना म्हाताऱ्या आईबापांकरितां हीटर घेऊन येतो. हेतु चांगला आणि वस्तुही चांगली. तरी ती घरांत आल्यावर काय सांभाळावें लागतें, हें सांगणारा कोणी तिच्याबरोबर येत नाहीं. म्हणून आजच्या पाठांत आम्हीं हा विषय घेतला आहे.

प्रथम एक घडलेली हकीगत सांगतों. गेल्या हिंवाळ्यांत आम्ही एका गांवीं एका वृद्ध गृहस्थांच्या घरीं मुक्कामास होतों. घर मातीच्या भिंतींचें, वर सागाच्या तुळया आणि कौलें. त्यांच्या मुलानें आणलेला 2000 वॅटचा नवा हीटर ओटीवर चालूं होता. हीटर लावला कीं डोक्यावरचा दिवा मंद होई आणि बंद केला कीं पुन्हां उजळे. खोलींत एक प्रकारची घाण येत होती. आम्हीं विचारलें तेव्हां वृद्ध गृहस्थ म्हणाले, "मास्तर, कुठेंतरी उंदीर मेला असावा. चार दिवस झाले, शोधतों आहें, पण सांपडत नाहीं."

आम्हीं बटण बंद करून प्लगला हात लावला, तों तो चटका बसण्याइतका तापलेला. हीटरचा प्लग मोठ्या पिनेचा होता. तो एका जोडाच्या साहाय्यानें दिव्याच्या बोर्डावरील लहान सॉकेटांत बसविला होता. मुख्य खटका बंद करून बोर्ड उघडला, तेव्हां उंदीर कोठें आहे तें कळलें. तारेवरील प्लास्टिक वितळून काळें झालें होतें, दोन तारा एकमेकींना चिकटण्यास बोटभर अंतर उरलें होतें, आणि त्यांच्या वर वीतभर अंतरावर जुन्या सागाची तुळई होती. त्याच भिंतीस लागून खाटेवर नातवंड झोंपलें होतें.

मुलगा गोंधळून म्हणाला, "काका, हीटर तर अगदीं नवा आहे. आयएसआयचा शिक्का पाहूनच घेतला." तो खरें बोलत होता. हीटरमध्यें कांहींच दोष नव्हता. दोष वाटेंत होता. आजच्या पाठाचें मुख्य सूत्र हेंच आहे: हीटर घेण्यापूर्वीं घरांतील तार पाहावी.

उष्णता कोठें उत्पन्न होते?

तारेंतून वीज वाहूं लागली म्हणजे ती तार थोडीबहुत तापतेच. जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञानें 1841 सालीं याचा नियम प्रसिद्ध केला. त्या नियमाप्रमाणें प्रवाह दुप्पट झाला तर त्याच तारेंत उष्णता दुप्पट होत नाहीं, चौपट होते. आणि प्रवाह तिप्पट झाला तर उष्णता नऊपट होते. तसेंच तार जितकी बारीक किंवा जोड जितका ढिला, तितका विजेस अडथळा अधिक व उष्णताही अधिक.

हीटरमधील वेटोळें साधारणतः निकेल आणि क्रोमियम यांच्या मिश्र धातूचें असतें. अल्बर्ट मार्श या अमेरिकन गृहस्थानें 1906 सालीं या धातूचें पेटंट घेतलें. ती लाल होईपर्यंत तापली तरी लवकर जळत नाहीं. तिचें कामच तापणें हें आहे. परंतु वाचकांनीं हें ध्यानांत घ्यावें कीं, जो प्रवाह त्या वेटोळ्यांतून जातो, तोच सगळा प्रवाह मीटरपासून बोर्डापर्यंतच्या तारेंतून, बटणांतून, सॉकेटाच्या पितळी पट्ट्यांतून आणि प्लगच्या पिनांतून जातो. वेटोळें तापण्यासाठीं केलेलें आहे. भिंतींतली तार त्यासाठीं केलेली नाहीं. विहिरीचें पाणी मोठ्या पाटांतून नेलें तर तें मळ्यापर्यंत सुखरूप पोंचतें. तेंच पाणी वाफ्याच्या दांडांत एकदम सोडलें तर बांध फुटतो. बांध फुटला कीं डोळ्यांस दिसतो, परंतु भिंतींतली तार तापलेली दिसत नाहीं. धोका अधिक आहे तो यामुळेंच.

हिशेब कसा करावा?

हा हिशेब चौथीच्या मुलासही येईल. आपल्याकडे घरांत येणारी वीज 230 व्होल्टची असते. हीटरच्या पाठीमागें किंवा तळाशीं वॅटचा आंकडा लिहिलेला असतो. त्या आंकड्यास 230 नें भागावें. उत्तर येईल तितक्या अँपिअरचा प्रवाह तो घेतो. 1000 वॅटचा हीटर सुमारें साडेचार अँपिअर घेतो, आणि 2000 वॅटचा जवळजवळ पावणेनऊ अँपिअर.

आतां घरांतल्या दुसऱ्या वस्तूंशीं याची तुलना करूं. हल्लींचा एलईडी दिवा 9 वॅटचा असतो. म्हणजे 2000 वॅटचा एक हीटर लावणें म्हणजे असे दोनशेंहून अधिक दिवे एकाच बोर्डावर एकदम लावण्यासारखें आहे. असे दोनशें दिवे आपल्या ओटीवरील बोर्डाला टांगण्याचें धाडस आपण करणार नाहीं. परंतु हीटर हातांत मावतो, म्हणून त्याचें ओझें आपल्या लक्षांत येत नाहीं.

तार आणि सॉकेट

आपल्याकडे घरगुती सॉकेटें दोन मापांचीं असतात: लहान 6 अँपिअरचें आणि मोठें 16 अँपिअरचें. जुन्या घरांत यांनाच 5 व 15 अँपिअरचीं म्हणत. लहान सॉकेट मोबाइल, दूरदर्शन संच, पंखा अशा हलक्या वस्तूंसाठीं असतें. सहांस 230 नें गुणिलें तर 1380 वॅट होतात. याहून अधिक ओझें त्यावर कधींही घालूं नये. 2000 वॅटच्या हीटरास मोठ्या पिनेचा प्लग असतो तो उगाच नसतो. तो लहान सॉकेटांत बसत नाहीं, हीच कारखानदारानें आपणांस दिलेली सूचना होय. बाजारांत थोडक्या पैशांत मिळणारा जोड लावून ती सूचना आपण मोडतों. तो जोड हीटरला कधींही लावूं नये.

सॉकेट मोठें असलें तरी तेवढ्यानें काम भागत नाहीं. त्याच्या मागील तारही तितकीच जाड पाहिजे. दिव्यांसाठीं 1 किंवा 1.5 चौरस मिलीमीटर जाडीची तांब्याची तार घालतात. 16 अँपिअरच्या सॉकेटास निदान 2.5 चौरस मिलीमीटरची तार पाहिजे, आणि ती दिव्यांच्या तारेला मध्येंच जोडलेली नसावी, मुख्य बोर्डापासून स्वतंत्र आलेली असावी. कित्येक घरांत लहान सॉकेट काढून तेथेंच मोठें बसवितात आणि मागची बारीक तार तशीच ठेवितात. हें तर अधिकच फसवें. कारण पाहणाऱ्यास सर्व ठीक आहे असें वाटतें. यास्तव सॉकेट पाहून समाधान मानूं नये. परवाना असलेल्या वायरमनला बोलावून मागची तार दाखवून घ्यावी.

एक्स्टेन्शनच्या पट्टीवर हीटर लावूं नये. तिची वायर बहुधा बारीक असते. ती गुंडाळून ठेविली तर आंतली उष्णता बाहेर पडत नाहीं; चटईखालीं किंवा गोधडीखालीं नेली तर कोणास कळण्यापूर्वीं ती जळूं लागते. तसेंच पाणी तापविण्याची कांब 1000 किंवा 1500 वॅटची असते. सकाळीं कांब, हीटर आणि इस्तरी अशा वस्तु एकाच वाटेवर एकदम लावूं नयेत; एक बंद करून दुसरी लावावी. नाताळच्या दिवसांत रोषणाईच्या माळा आणि पाहुण्यांसाठीं काढलेला हीटर ही एकाच बोर्डावर गर्दी करितात, तिकडेही लक्ष असावें.

राखणदारास बांधून ठेवूं नका

तारेंतून प्रमाणाबाहेर प्रवाह जाऊं लागला तर तो तोडण्यासाठीं मुख्य बोर्डावर फ्यूज किंवा एमसीबी नांवाचा खटका बसविलेला असतो. हा घराचा राखणदार होय. जुन्या चिनीमातीच्या किटकॅटमध्यें बारीक तार असते. ओझें वाढलें कीं ती वितळते आणि वीज बंद होते. आतां आपल्याकडे काय घडतें? हीटर लावला, फ्यूज उडाला, पुन्हां लावला, पुन्हां उडाला, मग घरांतील कोणीतरी चतुर मनुष्य तेथें वायरीची जाड तांब्याची तार गुंडाळतो आणि म्हणतो, "आतां कसा उडतो तें पाहूं!" एमसीबी असेल तर 16 अँपिअरचा काढून तेथें 32 चा बसवितो.

खरोखर फ्यूज आतां उडत नाहीं. त्याच्या जागीं भिंतींतली तार तापते. रात्रीं कुत्रा भुंकतो म्हणून त्याचें तोंड बांधून झोंपावें, तसें हें आहे. फ्यूज उडणें हा बिघाड नसून ओझें अधिक झालें आहे, किंवा कोठें तार तारेस लागली आहे, हें सांगणारा निरोप आहे. तेव्हां ओझें कमी करावें, कारण शोधावें. राखणदार बदलूं नये.

येथें आणखी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. फ्यूज आणि एमसीबी हे तारेचें रक्षण करितात, माणसाचें नव्हे. 16 अँपिअरचा एमसीबी त्याहून पुष्कळ अधिक प्रवाह वाहिल्यावरच पडतो. मनुष्याचा प्राण जाण्यास मात्र एका अँपिअरचा दहावा भागही पुरे होतो. माणसाच्या रक्षणासाठीं आरसीसीबी नांवाचें निराळें यंत्र असतें. घरांत गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांत 30 मिलिअँपिअरपर्यंतचा फरक पडला, म्हणजे ती कोणाच्या शरीरांतून किंवा ओल्या भिंतींतून जमिनींत जाऊं लागली, तर तें क्षणांत वीज तोडतें. त्यावर तपासणीचें एक लहान बटण असतें. महिन्यांतून एकदां तें दाबून यंत्र पडतें कीं नाहीं तें पाहावें.

यासोबत अर्थिंग पाहिजे. प्लगची तिसरी पिन सर्वांत जाड व लांब असते, ती अर्थिंगची. ती लांब ठेवण्याचें कारण असें कीं, प्लग घालतांना ती सर्वांच्या आधीं लागावी आणि काढतांना सर्वांच्या शेवटीं सुटावी. हीटरच्या लोखंडी अंगांत चुकून वीज उतरली तर ती या वाटेनें जमिनींत जाते आणि फ्यूज किंवा आरसीसीबी वीज तोडतो. ती पिन तोडून प्लग दोन पिनांच्या सॉकेटांत घालणें, किंवा प्लगच काढून वायरीचीं उघडीं टोंकें काडीनें सॉकेटांत खोंचणें, हें मृत्यूला घरांत बोलावणें होय. घराबाहेर कोळसा व मीठ घालून केलेला अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यांत सुकतो. त्यांत अधूनमधून पाणी घालावें.

हीटर कोठें व कसा ठेवावा?

बिछाना, गोधडी, मच्छरदाणी, पडदा, कडबा, कागद यांपासून हीटर निदान तीन फूट दूर ठेवावा. तो सपाट व कोरड्या जमिनीवर असावा. खाटेखालीं, स्टुलावर किंवा जाण्यायेण्याच्या वाटेंत नसावा. त्यावर ओले कपडे वाळत घालूं नयेत. न्हाणीघरांत तो नेऊं नये आणि ओल्या हातानें त्यास स्पर्श करूं नये. रांगतें मूल किंवा मांजर असलेल्या घरांत जाळी नसलेला हीटर लावूंच नये. सर्वांत महत्त्वाचें असें कीं, हीटर चालूं ठेवून झोंपूं नये. निजण्यापूर्वीं अर्धा तास खोली ऊन करावी, मग बटण बंद करून प्लग काढावा आणि पांघरूण घ्यावें. प्लग काढतांना वायर ओढूं नये. प्लग धरूनच काढावा.

कित्येक गांवीं संध्याकाळीं विजेचा दाब उतरतो. 230 च्या ठिकाणीं 180 व्होल्ट आले तर हीटर सुमारें सहा दशांशच उष्णता देतो. मग लोक "एकानें भागत नाहीं" म्हणून दुसरा हीटर त्याच बोर्डावर लावितात. पहांटे दाब पूर्ववत् होतो तेव्हां दोन्ही पूर्ण जोरानें चालूं होतात आणि घरचीं माणसें झोंपेंत असतात. हें करूं नये.

हें सर्व वाचून कोणी म्हणेल, "त्यापेक्षां आपली कोळशाची शेगडीच बरी." त्यांस आम्ही आग्रहानें सांगतों कीं, दारें-खिडक्या लावलेल्या खोलींत कोळशाची शेगडी ठेवून निजणें हें विजेच्या हीटरपेक्षांही भयंकर आहे. जळत्या कोळशांतून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु निघतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. झोंपलेला मनुष्य त्यानें जागा न होतां मरतो. विजेच्या हीटरांतून हा वायु निघत नाहीं, हा त्याचा मोठा गुण आहे. यास्तव हीटर टाकून द्यावा असें आमचें म्हणणें नाहीं. त्याची वाट नीट करावी इतकेंच म्हणणें आहे.

गरिबानें काय करावें?

स्वतंत्र तार घालण्याची ऐपत नसेल तर 2000 वॅटचा हीटर घेऊं नये. घरांतली तार आणि सॉकेट सुस्थितींत असल्याचें वायरमननें पाहून सांगितलें असेल, तर 400 किंवा 800 वॅटचा लहान हीटर म्हाताऱ्या माणसाच्या पायांपाशीं थोडा वेळ पुरेसा होतो. खर्चाचाही विचार करावा. 1000 वॅट एक तास चालले कीं एक युनिट होतें. 2000 वॅटचा हीटर रोज चार तास चालविला तर महिन्याला 240 युनिटें होतात. त्या बिलाच्या पैशांत एक चांगली रजई येते, आणि रजईला तार लागत नाहीं. दाराखालची फट चिंध्यांनीं बुजविणें आणि अंथरुणांत गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवणें हेही स्वस्त उपाय आहेत. तारेवर आकडा टाकून हीटर चालविणाऱ्याच्या वाटेंत तर मीटरही नाहीं आणि राखणदारही नाहीं. तो चोरी करितो आणि आपलींच मुलें धोक्यांत घालितो.

धोक्याच्या खुणा आणि तातडीचे उपाय

प्लग किंवा बोर्ड हाताला गरम लागणें, सॉकेट पिवळें-तपकिरी पडणें, चरचर आवाज येणें, हीटर लावतांच दिवा मंद होणें, सडक्या मासळीसारखा किंवा जळक्या प्लास्टिकचा वास येणें, यांपैकीं एकही खूण दिसली तर त्याच क्षणीं मुख्य खटका बंद करावा आणि वायरमन येईपर्यंत ती वाट वापरूं नये.

विजेच्या वस्तूस आग लागली तर प्रथम वीज बंद करावी. पाणी ओतूं नये, कोरडी वाळू किंवा माती टाकावी. आग आंवरण्यासारखी नसेल तर सामानाचा मोह न धरतां माणसें बाहेर काढावीं आणि 112 क्रमांकावर कळवावें. कोणास विजेचा धक्का बसून तो चिकटला असेल तर त्यास हात लावूं नये. खटका बंद करावा. तें शक्य नसेल तर कोरड्या जागीं उभें राहून कोरड्या लाकडी काठीनें त्यास किंवा तार दूर सारावी. श्वास चालत नसेल तर छातीच्या मध्यभागीं मिनिटास 100 ते 120 वेळां जोरानें दाब देत राहावें आणि दुसऱ्यानें 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रस्त्यावरील तार तुटली असेल तर 1912 क्रमांकावर कळवावें.

ज्या घराची हकीगत आम्हीं आरंभीं सांगितली, तेथें दुसऱ्याच दिवशीं वायरमन आला. त्यानें मुख्य बोर्डापासून जाड तांब्याची स्वतंत्र तार घातली, 16 अँपिअरचें सॉकेट बसविलें आणि आरसीसीबी लावला. हीटर तोच राहिला. नातवाची खाट मात्र आजोबांनीं स्वतः ओढून दुसऱ्या भिंतीशीं नेली. आम्ही निघतांना ते म्हणाले, "मास्तर, उंदीर सांपडला हें बरें झालें."

आमचे उपदेशक व शिक्षक बंधु गांवोगांव अनेक घरांत जातात. थंडीच्या दिवसांत कोणाच्या घरीं हीटर दिसला तर त्याचा प्लग कोठें लावला आहे, एवढें त्यांनीं पाहावें आणि हा पाठ मोठ्यानें वाचून दाखवावा. पुढील प्रश्न उजळणीसाठीं दिले आहेत.

1. तारेंतील प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता किती पट होते?
2. 1500 वॅटचा हीटर सुमारें किती अँपिअर प्रवाह घेतो? तो 6 अँपिअरच्या सॉकेटांत कां लावूं नये?
3. 16 अँपिअरच्या सॉकेटामागें निदान किती जाडीची तार पाहिजे, आणि ती कोठून आली पाहिजे?
4. फ्यूज वारंवार उडूं लागला तर काय करावें व काय करूं नये?
5. एमसीबी आणि आरसीसीबी यांच्या कामांत काय फरक आहे?
6. बंद खोलींत कोळशाची शेगडी ठेवून कां निजूं नये?
7. आपल्या घरांतील सर्वांत जड ओझ्याची विजेची वस्तु कोणती? ती वापरून बटण बंद केल्यावर तिचा प्लग हाताला कसा लागतो?

शेवटच्या प्रश्नाचें उत्तर या पानावर सांपडणार नाहीं. तें प्रत्येकानें आज रात्रीं निजण्यापूर्वीं आपल्या घरींच शोधावें.